शेवटचा नंबर नको: एचआयव्हीसह जगणाऱ्यांना दंतोपचार कसे मिळवून द्यावेत

दाढ दुखते म्हणून दवाखान्यात गेलेल्या एचआयव्हीबाधित माणसाला ‘तुमच्यावर आम्ही उपचार करणार नाही’ असे तोंडावर सहसा कोणी सांगत नाही. मशीन बंद आहे, सर आज येणार नाहीत, आधी या गोळ्या संपवून या, सगळे पेशंट झाल्यावर शेवटचा नंबर लावू, तुमची केस मोठ्या हॉस्पिटलची आहे, अशी उत्तरे मिळतात आणि त्यांतले प्रत्येक उत्तर वरवर काळजीचेच वाटते. तीन ठिकाणी ही उत्तरे ऐकलेला माणूस चौथ्या ठिकाणी एक तर आजार लपवतो किंवा मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून दिवस ढकलतो, आणि दोन्हींत नुकसान त्याचेच होते. एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची रोजची औषधे, देणाऱ्या केंद्रातल्या रुग्णांसोबत दंतवैद्यांकडे ये-जा करताना जे उपयोगी पडले ते येथे मांडले आहे. ते रुग्णांसाठी आहे, समुपदेशक आणि कार्यकर्त्यांसाठी आहे, आणि उपचार करण्याची तयारी असूनही मनात धास्ती असलेल्या दंतवैद्यांसाठीही आहे. एचआयव्ही असलेल्या रुग्णासाठी वेगळी खुर्ची, वेगळी हत्यारे किंवा वेगळी वेळ लागत नाही. जिथे अशी वेगळी सोय केली जाते तिथेच नकाराची सुरुवात झालेली असते, हे या सगळ्यामागचे म्हणणे आहे.

तोंड कधी दाखवावे

दुखेपर्यंत थांबू नये. एआरटी सुरू असलेल्या आणि प्रकृती ठीक असलेल्या व्यक्तीने इतर कोणाही माणसाप्रमाणे वर्षातून किमान एकदा, आणि तंबाखू, गुटखा किंवा मिश्रीची सवय असल्यास सहा महिन्यांतून एकदा दंतवैद्याला तोंड दाखवावे. गोळ्या घेण्यासाठी केंद्रावर जाण्याचा दिवस ठरलेलाच असतो. वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जिल्हा रुग्णालयात एआरटी केंद्र असेल तर बहुधा त्याच आवारात दंत विभागही असतो, त्यामुळे दोन्ही कामे एका फेरीत होतात आणि रोजंदारीवर काम करणाऱ्याचा एक खाडा वाचतो.

काही खुणा मात्र पुढच्या तारखेपर्यंत थांबण्याजोग्या नसतात. जिभेवर किंवा टाळूवर खरवडल्यास निघणारा पांढरा थर, जिभेच्या कडेला न निघणारे पांढरे पट्टे, हिरड्यांची टोके झडून येणारा घाण वास आणि तीव्र वेदना, टाळूवर किंवा हिरडीवर जांभळट डाग, दोन आठवडे उलटूनही न भरणारा व्रण, यांपैकी काहीही दिसले तर दंतवैद्याबरोबर एआरटी केंद्राच्या डॉक्टरांनाही त्याच आठवड्यात दाखवावे. औषध नियमित घेणाऱ्याच्या तोंडात पांढरा थर पुन्हा पुन्हा येत असेल, तर औषधाचा परिणाम कमी होतो आहे का हे व्हायरल लोड (रक्तातील विषाणूंचे प्रमाण मोजणारी तपासणी) करून पाहावे लागते. गालावरची सूज गळ्याकडे उतरणे, तोंड उघडता न येणे, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होणे ही तातडीची अवस्था आहे. अशा वेळी दंतवैद्याची वेळ मागत न बसता थेट रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे.

मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्यांबद्दल वेगळे सांगणे भाग आहे. आज बहुतेक रुग्णांच्या एकत्रित गोळीत टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डोल्युटेग्रॅविर ही तीन औषधे असतात. टेनोफोविर चालू असताना डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या अनेक दिवस स्वतःच्या मनाने घेतल्यास मूत्रपिंडावर ताण येतो. दाढेचे दुखणे महिनाभर गोळ्यांवर काढणे म्हणूनच धोक्याचे आहे. त्या गोळ्यांबरोबर ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेले अँटासिड घेतल्यास डोल्युटेग्रॅविर शरीरात नीट शोषले जात नाही. घ्यावेच लागले तर एआरटीची गोळी आधी घ्यावी आणि मध्ये किमान दोन तास जाऊ द्यावेत. गोळी अँटासिडनंतर घ्यायची असेल तर सहा तासांचे अंतर हवे. दात काढायचा आहे म्हणून एआरटी एक दिवसही थांबवू नये.

सांगावे की न सांगावे

हा प्रश्न प्रत्येक रुग्ण विचारतो आणि त्याचे उत्तर एका शब्दात देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. न्यायालयाच्या आदेशाशिवाय आपली एचआयव्ही स्थिती उघड करण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. दंतवैद्याने प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत सारखीच खबरदारी घेणे अपेक्षित असते, त्यामुळे त्याची सुरक्षितता तुमच्या सांगण्यावर अवलंबून नसते. तरीही, स्वतःच्या भल्यासाठी डॉक्टरांना सांगावे असा माझा सल्ला आहे, कारण काही औषधांची एआरटीशी खरोखरच गाठ पडते. गुटख्यामुळे तोंड उघडेनासे झालेल्या रुग्णाच्या गालात ट्रायॲमसिनोलोनची इंजेक्शने देण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. रुग्ण रिटोनाविर असलेल्या दुसऱ्या फळीच्या (पहिली औषधे लागू पडेनाशी झाल्यावर दिल्या जाणाऱ्या) औषधांवर असेल तर हे स्टेरॉइड शरीरात साचून राहते आणि गंभीर त्रास होऊ शकतो. चेहऱ्याच्या नसेच्या दुखण्यावर दिले जाणारे कार्बामाझेपिन डोल्युटेग्रॅविरचे रक्तातील प्रमाण घटवते. डॉक्टरांना माहीत नसेल तर त्यांना हे टाळता येणार नाही.

सांगायचे ते डॉक्टरांनाच, आतल्या खोलीत आणि दार लोटून सांगावे. बाहेरच्या टेबलावर नाव नोंदवताना ‘कसला त्रास आहे’ या प्रश्नाला ‘दाढ दुखते’ एवढे उत्तर पुरेसे आहे. दवाखान्याच्या छापील अर्जात जुन्या आजारांची यादी असेल तर ‘डॉक्टरांशी प्रत्यक्ष बोलेन’ असे त्यावर लिहावे. डॉक्टरांशी बोलताना पुढील शब्द अनेकांना सोपे गेले आहेत: “डॉक्टर, माझी एआरटी चालू आहे, इतक्या वर्षांपासून. शेवटचा व्हायरल लोड अमुक महिन्यात झाला, त्याचा रिपोर्ट हा. औषधे लिहून देताना लक्षात असावे म्हणून सांगते आहे. बाहेर कुणाला कळू नये एवढी काळजी घ्या.” यात विनवणी नाही आणि भांडणही नाही.

जाताना एआरटी केंद्राची पुस्तिका किंवा औषधांच्या नावांचा कागद, शेवटचे व्हायरल लोड आणि सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) यांचे रिपोर्ट, आणि दात काढायचा असल्यास अलीकडची रक्ततपासणी सोबत घ्यावी. जेवून जावे. सोबत कोणी येणार असेल तर त्या व्यक्तीला तुमची स्थिती माहीत आहे की नाही हे डॉक्टरांना आधी सांगून ठेवावे, कारण बाहेर थांबलेल्या भावाला किंवा सासूला खोलीत बोलावून सगळे समजावणारे डॉक्टर चांगल्या हेतूनेच गोपनीयता मोडतात.

यादी तयार करणे

रुग्ण एकटा दारोदार फिरतो तेव्हा त्याला नकार मिळतो. समुपदेशकाने आधी फोन केलेला असतो तेव्हा तोच दवाखाना त्याला बसवून घेतो. हे बरे लक्षण नव्हे, पण आजची वस्तुस्थिती आहे. एआरटी केंद्राचे समुपदेशक, विहान काळजी व आधार केंद्राचे कार्यकर्ते आणि एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या जिल्हा संस्था यांनी सर्वांत आधी करण्याचे काम म्हणजे उपचार करणाऱ्या दंतवैद्यांची तालुकावार यादी तयार करणे, असे मला वाटते. पोस्टर, शिबिरे आणि दंतमंजनाचे वाटप त्यानंतर आले तरी चालेल.

सुरुवात सरकारी ठिकाणांपासून करावी. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातील शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये, तसेच गोव्यात बांबोळीचे दंत महाविद्यालय ही मोठी केंद्रे आहेत. पण सांगोल्याच्या किंवा अक्कलकुव्याच्या माणसाला ही नावे सांगून भागत नाही. त्याच्यासाठी जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयातील दंत विभाग, जवळचे खासगी दंत महाविद्यालय आणि तालुक्याच्या गावातले दोन-तीन खासगी दवाखाने महत्त्वाचे असतात. दंत विभाग आठवड्यातून कोणत्या वारी चालू असतो आणि दात काढण्यापलीकडे तिथे काय होते, हे स्वतः जाऊन पाहावे. रूट कॅनल होत नसेल तर रुग्णाला ते आधीच सांगता येते आणि त्याची फेरी वाचते.

खासगी दवाखान्यांशी बोलताना फोनवर ‘एचआयव्हीचे पेशंट घेता का’ असा प्रश्न टाकू नये. असा प्रश्न विचारताच समोरच्याला ‘नाही’ म्हणण्याची मुभा मिळते, जी मुळात त्याच्याकडे नाही. त्याऐवजी प्रत्यक्ष भेटीची वेळ घ्यावी, आपली ओळख द्यावी आणि साधे, कामाचे प्रश्न विचारावेत: प्रत्येक रुग्णानंतर एअरोटरचे (दात कोरण्याच्या यंत्राचे) हँडपीस ऑटोक्लेव्ह होतात, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केले जातात का, हत्यारे पाकीटबंद असतात का, मदतनीसांनी हिपॅटायटिस बी ची लस घेतली आहे का, सुई टोचली तर काय करायचे हे त्यांना माहीत आहे का. चांगल्या दंतवैद्याला हे प्रश्न आवडतात. शेवटी आपल्या केंद्रातील रुग्ण पाठवणार असल्याचे सांगावे आणि रुग्णाच्या औषधांबद्दल शंका आल्यास एआरटी केंद्रातील कोणाला फोन करायचा ते नाव व क्रमांक द्यावा. दंतवैद्याची धास्ती कमी करण्यात या एका फोन क्रमांकाचा वाटा फार मोठा असतो, कारण ‘काही झाले तर विचारणार कोणाला’ ही त्याची खरी अडचण असते.

पहिल्या दोन रुग्णांबरोबर कार्यकर्त्याने स्वतः जावे. त्यानंतर प्रत्येक रुग्णाला आठवड्याच्या आत फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात: काम झाले का, इतरांपेक्षा जास्त पैसे घेतले का, आणि नंबर आपल्या क्रमाने लागला का. तिसरा प्रश्न गाळू नये. सकाळी दहाला येऊन बसलेल्या एका ताईंना संध्याकाळी साडेसातपर्यंत थांबवून ठेवलेले मी पाहिले आहे. काम व्यवस्थित झाले, डॉक्टरही मृदू बोलले, पण बाहेर बसलेल्या प्रत्येकाला दिवसभरात अंदाज आला होता आणि त्या पुन्हा कधीच दंतवैद्याकडे गेल्या नाहीत. असे वारंवार घडत असेल तर तो दवाखाना डॉक्टरांशी बोलून सुधारावा, आणि सुधारला नाही तर यादीतून काढावा.

सोबत द्यायच्या चिठ्ठीबद्दलही सावध असावे. चिठ्ठीवर ठळक अक्षरांत ‘एचआयव्ही पॉझिटिव्ह’ लिहून ती रुग्णाच्या हाती उघडी देणे म्हणजे ती शिपायापासून केसपेपर काढणाऱ्यापर्यंत सर्वांना वाचायला देणे आहे. बंद पाकिटात, डॉक्टरांच्या नावे, रुग्णाची परवानगी घेऊन आणि मोजक्या शब्दांत लिहावे: चालू औषधे, शेवटचे रिपोर्ट, इतर आजार, अपेक्षित उपचार आणि संपर्क क्रमांक. उपचारासाठी आवश्यक असेल तेव्हा एका डॉक्टरने उपचार करणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरला माहिती देणे कायद्याला मान्य आहे. ती माहिती दवाखान्यातील इतरांपर्यंत पसरवणे मान्य नाही. केसपेपरवर लाल शाईची खूण, फाइलवर वेगळा स्टिकर किंवा खुर्चीभोवती रुग्णापुरते लावलेले प्लॅस्टिक हे सगळे त्याच प्रकारात मोडते.

दंतवैद्यांसाठी

आपली भीती खोटी आहे असे म्हणून ती जात नाही, म्हणून आकडे समोर ठेवतो. विषाणू असलेल्या रक्ताने माखलेली सुई टोचली आणि त्यानंतर कोणतेही औषध घेतले नाही, तर एचआयव्हीची लागण होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन इतकी असते. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी च्या बाबतीत हीच शक्यता ६ ते ३० टक्के असते, आणि तो रुग्ण आपल्या खुर्चीत काही न सांगता बसून गेलेला असू शकतो. लाळेतून एचआयव्ही पसरत नाही. नियमित एआरटी घेऊन व्हायरल लोड दिसेनासा झालेल्या व्यक्तीच्या रक्तात विषाणू मोजण्याइतकाही नसतो. थोडक्यात, ज्याने तुम्हाला विश्वासाने आपला आजार सांगितला तो बहुधा आपली एआरटी घेणारा रुग्ण असतो; खरा प्रश्न ज्यांची कधी तपासणीच झाली नाही त्यांचा आहे, आणि त्यावर सर्वांसाठी सारखी खबरदारी हाच उपाय आहे.

ती खबरदारी नवी नाही. हातमोजे, मास्क आणि चष्मा प्रत्येक रुग्णाला; सुईचे टोपण दोन हातांनी न बसवणे; सुया आणि ब्लेड लगेच पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात; पाकीटबंद हत्यारे १२१ अंश सेल्सियस आणि १५ पौंड दाबाला ३० मिनिटे ऑटोक्लेव्ह करणे. पाण्यात उकळणे म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे, मग रुग्ण कोणीही असो. ही शिस्त पाळणाऱ्या दवाखान्याला एचआयव्ही असलेल्या रुग्णासाठी वाढीव खर्च येत नाही, म्हणून ‘वेगळ्या किटचे’ पैसे मागण्यालाही आधार उरत नाही.

सुई टोचलीच तर जखम साबण-पाण्याने धुवावी, पिळू नये, आणि जवळच्या शासकीय रुग्णालयात किंवा एआरटी केंद्रात ताबडतोब जावे. प्रतिबंधक औषधाचा पहिला डोस शक्यतो दोन तासांच्या आत आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवा. हे औषध २८ दिवस घ्यायचे असते. औषध रात्री कुठे मिळते हे आजच विचारून भिंतीवर लिहून ठेवावे. मदतनीस आणि सफाई करणाऱ्या मावशी यांनाही ते माहीत असावे, कारण हत्यारे धुताना टोचण्याचा धोका त्यांनाच अधिक असतो.

उपचारांच्या बाबतीत, प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णाचा दात काढणे, रूट कॅनल, कॅप किंवा कवळी यांत इतरांपेक्षा वेगळे काही करावे लागत नाही. केवळ एचआयव्ही आहे म्हणून प्रतिजैविके देण्याची गरज नाही आणि केवळ सीडी-४ कमी आहे म्हणून दुखणारा दात तसाच ठेवण्याचीही नाही. प्लेटलेट ५०,००० च्या खाली असतील किंवा न्यूट्रोफिल ५०० च्या खाली असतील, तर मात्र एआरटी केंद्राच्या डॉक्टरांशी बोलून पुढचे पाऊल टाकावे. एआरटीतील झिडोव्हुडिन हे औषध घेणाऱ्यांचे हिमोग्लोबिन पाहून घ्यावे. तोंडातील खुणांवरून एचआयव्हीची शंका आली तर रुग्णाला एकांतात समजावून, त्याच्या संमतीने, आयसीटीसीमध्ये, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्रात, पाठवावे. ‘आधी एचआयव्हीचा रिपोर्ट आणा, मग दाढ काढू’ ही अट मात्र घालू नये. उपचार मिळण्यासाठी एचआयव्ही चाचणी सक्तीची करणे हा कायद्याने भेदभाव ठरतो.

नकार मिळाला तर

एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून देशभर लागू आहे. त्यातील कलम ३ नुसार आरोग्यसेवा नाकारणे, मध्येच थांबवणे किंवा ती देताना अन्यायाने वागवणे यांस कोणत्याही व्यक्तीला मनाई आहे. त्यामुळे एकट्या डॉक्टरचा छोटा खासगी दवाखानाही त्यातून सुटत नाही. ‘मोठ्या हॉस्पिटलला जा’ हे उत्तर जगभर ऐकू येते. अमेरिकेत मेन राज्यातील सिडनी ॲबट यांना १९९४ मध्ये त्यांच्या दंतवैद्याने हेच सांगितले होते: दाताची पोकळी भरतो, पण रुग्णालयात, आणि तिथला खर्च तुमचा. प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. लक्षणे नसली तरी एचआयव्ही असलेल्या व्यक्तीला अपंगत्वाच्या कायद्याचे संरक्षण आहे, असे त्या न्यायालयाने १९९८ मध्ये म्हटले आणि पुढे निकाल ॲबट यांच्या बाजूने कायम झाला. तेव्हा मोठ्या रुग्णालयात पाठवताना दंतवैद्याला एवढेच विचारावे की हीच दाढ एचआयव्ही नसलेल्या माणसाची असती तर तुम्ही ती इथे काढली असती का. उत्तर ‘हो’ असेल तर ते पुढे पाठवणे नसून नकार आहे.

पहिला प्रयत्न बोलण्याचा असावा. समुपदेशकाने त्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला तर निम्म्या अडचणी तिथेच सुटतात, असा आमचा अनुभव आहे. तेवढ्याने भागले नाही तर २० किंवा अधिक माणसे काम करत असलेल्या आरोग्य संस्थेत तक्रार अधिकारी नेमणे कायद्याने बंधनकारक आहे. त्याच्याकडे लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. त्यापुढे राज्य शासनाने नेमलेल्या ओम्बड्समनकडे, म्हणजे अशा तक्रारींची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. त्यांनी ३० दिवसांच्या आत, आणि तातडीच्या वैद्यकीय प्रसंगी शक्यतो २४ तासांच्या आत आदेश द्यावा अशी तरतूद आहे. आदेश न पाळल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड, आणि पाळणे टाळतच राहिल्यास दर दिवसाला ५,००० रुपयांपर्यंत जादा दंड होऊ शकतो. तक्रार कोठे आणि कशी द्यायची याची माहिती जिल्हा रुग्णालयातील एड्स नियंत्रण विभागात, म्हणजे लोक ज्याला डापकू म्हणतात तिथे, किंवा १०९७ या मोफत हेल्पलाइनवर विचारावी.

तक्रारीसाठी केसपेपर, पावती, तारीख, वेळ आणि कोण काय म्हणाले हे घरी पोहोचताच त्याच शब्दांत लिहून ठेवावे. स्वतःचे नाव गुप्त ठेवण्याची विनंती अर्जातच करावी. हे सर्व चालू असताना दाढ मात्र थांबत नाही. तक्रार दिली म्हणून त्याच दवाखान्यात उपचार घेण्याचे बंधन नाही आणि दुसरीकडे उपचार घेतल्याने तक्रार कमजोर होत नाही. म्हणून यादीतील दुसऱ्या दंतवैद्याची वेळ त्याच दिवशी घ्यावी आणि ती तारीख एआरटीच्या पुस्तिकेत, पुढच्या गोळ्यांच्या तारखेशेजारी लिहून ठेवावी.